उलट्या छत्रीत सापडलेली जोडी

मी छत्री बोलतेय. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली, मळकट पांढरी, एका बाजूला निळ्या पट्ट्यांचं ठिगळ असलेली. पावसात मला कुणी डोक्यावर धरलेलं नाही. माझं सगळं आयुष्य उलटं, म्हणजे पोट आभाळाकडे करून गेलं आणि त्याची मला मुळीच खंत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई आठ काड्या एका कड्यात ओवायची, दुसरी त्यांच्यावर कापड ताणून टाके घालायची आणि तिसरी प्रत्येक छत्री तीनदा उघडून मिटून बघायची. त्या दिवशी काळं कापड संपलं, म्हणून शेवटच्या डझनाला पांढरं लागलं. मी त्या डझनातली.

दुकानात माझ्या काळ्या बहिणी एकेक करून गेल्या. मी काचेमागे दोन वर्षं उभी होते. गिऱ्हाइकं मला हातात घ्यायची आणि "छान आहे, पण मळेल" असं म्हणून परत ठेवायची. दुकानदार धूळ झटकायला मला उघडायचा, "हे पांढरं लचांड कुणी मागवलं होतं?" असं स्वतःलाच विचारायचा आणि मिटायचा.

मग एके दिवशी ताई आली, माझी आताची मालकीण. पाठीवर पिशवी, बोटांना शाई, आवाज इतका हळू की दुकानदाराला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"तुमच्याकडची सगळ्यात पांढरी छत्री दाखवा."

दुकानदाराने मला काढलं. ताईने मला उघडलं आणि सरळ उलटी करून काउंटरवर ठेवलं. मग खिशातून चार-पाच बारीक काळी बटणं काढून माझ्या पोटात टाकली आणि वाकून बघत राहिली.

"उठून दिसताहेत," ती खुशीत म्हणाली.

"ताई, पाऊस वरून पडतो," दुकानदार म्हणाला.

"मला पावसासाठी नकोय. भुंगेरे पकडायचेत."

"बरं बरं," दुकानदार एकदम मऊ आवाजात म्हणाला. "बांधून देऊ, की अशीच नेता?"

अशी मी ताईच्या घरी आले. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिच्या बाबांचं शिवणाचं दुकान होतं. खिडकीशी मशीन, भिंतीला मोठा आरसा, एका काचेच्या बरणीत रंगीबेरंगी बटणं आणि बाबांच्या गळ्यात कायम टेप. झोपतानाही ती टेप काढायची त्यांना आठवण करून द्यावी लागायची. घरात दोघंच, बाबा आणि ताई. ताई संशोधन करायची. उंच डोंगरांवरच्या दमट जंगलात कोणकोणते भुंगेरे राहतात, त्यातले कोणते आजवर कुणीच नोंदवलेले नाहीत, हे शोधायचं तिचं काम होतं.

"दांडा मधून दुमडता आला पाहिजे, बाबा," ती म्हणाली. "म्हणजे फांदीखाली आडवी धरता येईल."

"एवढा सरळसोट दांडा, तो मोडायचा?"

"मोडायचा नाही, दुमडायचा."

बाबांनी कुरकुरत दांडा मधोमध कापला आणि कपाटाच्या दाराची जुनी बिजागरी बसवली. मला दुखलं असेल असं तुम्हाला वाटेल. पण दोन वर्षं काचेमागे उभं राहिल्यावर आपल्यासाठी कुणीतरी एवढी खटपट करतंय, याचंच मला अप्रूप होतं.

जंगल मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिथे सकाळी धुकं इतकं दाट असायचं की माझं टोक मलाच दिसायचं नाही. झाडांच्या खोडांवर शेवाळाचे जाड थर, फांद्यांना लोंबणारे ओले तंतू आणि सगळीकडे टपटप. तिथले वनरक्षक ताईबरोबर असायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून तीही मामाच म्हणायची. ताईने मला फांदीखाली उलटी धरायचं आणि मामांनी काठीने फांदीवर तीन ठोके द्यायचे, असं आमचं काम. पानं, काटक्या, कोळी, मुंग्या, अळ्या आणि भुंगेरे, जे काही वर असेल ते धपाधप माझ्या कापडावर पडायचं.

मग ताई वाकायची. तिच्या तोंडात एक रबरी नळी असायची आणि नळीला जोडलेली काचेची कुपी. भुंगेऱ्याजवळ टोक नेऊन तिने श्वास ओढला की भुंगेरा सुर्रकन कुपीत.

पहिल्या दिवशी मामा हे पाहून हबकलेच. "ताई, चुकून गिळलात तर?"

"मधे जाळी आहे, मामा."

"जाळीला भोक पडलं तर?"

"तर नवी प्रजाती माझ्या पोटात सापडेल."

मामा इतके हसले की पुढच्या फांदीवर ठोका द्यायलाच विसरले.

एक गोष्ट लपवत नाही. माझ्या पोटातून कुपीत गेलेला कुणी झाडावर परत आला नाही. त्यांना टाचणी लागायची, खाली बारीक अक्षरांतली चिठ्ठी लागायची: कुठे मिळाला, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कुणाला. मला आधी वाईट वाटायचं. पण ताई टाचणी लावताना ओठ घट्ट मिटायची आणि गरजेपेक्षा एकही जास्त घ्यायची नाही, हेही मी पाहिलं होतं.

तिसऱ्या वर्षी माझ्या कापडावर एक निळा भुंगेरा पडला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, अंगावर हिरवट चमक आणि मिशा त्याच्या अंगाच्या दुप्पट लांब. ताईने श्वास रोखून धरला. असे सात निळे त्या वर्षात मिळाले, सगळे उन्हात डोलणाऱ्या उंच फांद्यांवरचे. त्याच वर्षी वाळक्या झाडांच्या सालीखाली तिला हाताने चार तपकिरी भुंगेरे मिळाले. ते जाडजूड, खरखरीत, आखूड मिशांचे. सालीवर बसले तर सालच वाटावेत असे.

ताईने वर्षभर पुस्तकं चाळली, संग्रहालयांतले जुने खण पाहिले. निळा कुठेच नव्हता. तपकिरीही कुठेच नव्हता. दोन्ही नवे! तिच्या सरांनी मायक्रोस्कोपमधून पाहून मान डोलावली. सर म्हणजे विद्यापीठातल्या तिच्या विभागातले सर्वांत जुने प्राध्यापक, त्या वर्षाच्या अखेरीस निवृत्त होणार होते.

"नमुने थोडे आहेत," सर म्हणाले होते. "आतले अवयव तपासायला एक निळा, एक तपकिरी उघड. बाकीचे अख्खे राहू देत."

तिने तसंच केलं. निबंध लिहिला, छापायला पाठवला. नव्या प्रजातीला नाव द्यायचा मान पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याचा असतो. ताईने निळ्याला बाबांचं नाव दिलं आणि तपकिरीला सरांचं. दोघांचं एक मोठं चित्र काढून खाली नावं लिहिली. बाबांनी ते चित्र मशीनच्या वर भिंतीला लावलं. पँटचं माप द्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला आधी चित्राकडे बघावं लागायचं.

"हा निळा मी," बाबा सांगायचे. "आणि शेजारी तिचे सर. सर जरा अंगाने भरलेत."

निबंधाची शेवटची छापील प्रत तपासायला आली. सोमवारी सकाळी ती "ठीक आहे" असं कळवून परत पाठवायची होती. सर तिला नेहमी सांगायचे, "या कामात छापलेलं नाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चूक निघाली तर पुढचे लोक शेजारी लिहितात की हे चुकलं होतं. पण चूकही तिथेच राहते आणि आपलं नावही."

त्याआधीच्या शनिवारी आम्ही जंगलात गेलो. अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं असं एक झाड होतं. मामांनी ठोके दिले आणि एक काटेरी फांदी मोडून माझ्यावर आली. माझं कापड टर्रकन फाटलं. तेवढ्यात सरी आल्या. ताईने घाईघाईने मला मिटलं आणि पट्टा आवळला.

तेव्हाच मला कळलं की माझ्या घडीत कुणीतरी आहे. दोघं. एक जड, एक हलका. एकाच्या पाठीवर दुसरा. ते सुटत नव्हते, हलत नव्हते. मी काय सांगणार? ओरडायला मला तोंड नाही.

रविवारी दुपारी ताई छापील प्रत घेऊन आतल्या खोलीत बसली होती. बाबांनी मला ठिगळ लावायला घेतलं. कुणाच्या तरी शर्टाचा उरलेला निळ्या पट्ट्यांचा तुकडा शोधला, चष्मा नाकावर घेतला आणि माझी घडी सोडवली.

टप.

मशीनच्या फळीवर ते दोघं पडले. खाली तपकिरी आणि तिच्या पाठीवर पाय रोवून बसलेला निळा. लांब मिशा वाऱ्यावर असल्यासारख्या हलत होत्या.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मग परत त्यांच्याकडे. त्यांनी हळूच बटणांची बरणी रिकामी केली, दोघांवर पालथी घातली आणि हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. मी आणि तुझे सर इथे बसलोय."

ताई लेखणी हातात घेऊनच आली. बरणीत बघितलं आणि तशीच खाली बसली.

"भांडताहेत का?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग?"

ताईचे कान लाल झाले. "जोडी आहे ती."

बाबांनी पुन्हा भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. "म्हणजे मी आणि तुझे सर..."

"बाबा!"

"मी नवरा ना? का मी..."

"तुम्ही नवरा," ताई म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली. "एकच प्रजाती आहे ती. नर निळा, मादी तपकिरी. मी नवरा-बायकोला दोन वेगळ्या घराण्यांत टाकलं. उद्या ते छापायला जाईल. सरांचंही नाव आहे निबंधावर. ते निवृत्त होताहेत आणि जाताना मी त्यांना ही चूक बांधून देतेय."

बाबांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. ते विचार करताना असंच करतात.

"पुरुषाच्या शर्टाची बटणं उजवीकडे, बाईच्या डावीकडे," ते म्हणाले. "कापड वेगळं, शिवण वेगळी. शिकत होतो तेव्हा मीही दोन गठ्ठे वेगळ्या घरांचे समजून बांधले होते. निघाले एकाच घरचे. इतके दिवस तू नुसते कपडे बघत होतीस, त्यात तुझं काय चुकलं?"

"कळायला हवं होतं."

"मी यांना खिडकीतून सोडून दिलं असतं तर?"

"तर उद्या छापलं गेलं असतं. आणि मला कळलंही नसतं."

"आणि आता कळलंय. तेही रविवारीच. मग रडतेस कशाला? सरांना फोन लाव."

फोन लावायला ताईला पंधरा मिनिटं लागली. तीनदा आकडे दाबून तिने बंद केला. चौथ्यांदा बाबांनीच तो तिच्या कानाला लावून धरला.

सर विभागात आले ते घरच्या चपला घालून, हातात किल्ल्यांचा जुडगा. फाटक्या कापडासकट मीही तिथे होते, कारण कुठल्या घडीत मिळाले हे सर विचारणार, हे ताईला ठाऊक होतं. सरांनी बरणी उजेडाला धरली. ती फिरवून फिरवून दोघांना सगळ्या बाजूंनी पाहिलं. ताई स्वतःच्या नखांकडे बघत उभी होती.

"कुठल्या झाडावरचे?"

"अर्धं वाळलेलं आहे ना, त्या झाडावरचे. वर हिरव्या फांद्या, खाली वाळकी साल."

"एक जोडी म्हणजे पुरावा नव्हे," सर म्हणाले. "चुकीच्या जोड्याही जमतात, आपण माणसांत बघतोच. बाकीचे सगळे नमुने काढ."

"सगळे, सर?"

"आता काटकसर नको."

ताईने उरलेले नमुने कोमट पाण्यात भिजवून मऊ केले. मग चिमटा आणि सुई घेऊन एकेकाचं पोट मायक्रोस्कोपखाली तपासायला बसली. सर शेजारी वहीत लिहीत होते. खोलीत फक्त तिचा आवाज येत होता, "निळा, नर." थोड्या वेळाने पुन्हा, "निळा, नर." सहाही निळे नर निघाले. मग तपकिरी आले. "मादी." "मादी." तिसऱ्यालाही "मादी" म्हणताना तिचा आवाज अगदी बसला होता. आधी उघडलेले दोघंही तसेच होते. सातांत एक निळी मादी नाही, चारांत एक तपकिरी नर नाही. जी गोष्ट सगळे नमुने उघडल्यावर एका दुपारी कळली, ती नमुने जपण्याच्या नादात वर्षभर बंद राहिली होती.

सरांनी चष्मा काढला, खुर्चीला टेकले आणि इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरच्या चिठ्ठ्या उडाल्या.

"सुटलो!" ते म्हणाले.

ताईने मान वर केली. "सर, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावू? अगं, अख्खे राहू देत म्हणणारा मीच. अर्धी चूक माझी आहे, ती आधी नीट वाटून घे." मग ते जरा थांबले. "माझ्या पहिल्या निबंधात असंच झालंय. मला कळलं छापून आल्यावर दोन वर्षांनी. अजून ते पान आलं की मी पटकन उलटतो. तुला तसं पान उलटावं लागणार नाही. आणि नवी प्रजाती तर आहेच! दोन नाहीत, एक आहे. पण नर-मादी दोघांसकट, झाडासकट. हे जास्त चांगलं नाही का?"

ताई हसली. तिचे खांदे इतके दिवस कानांपर्यंत चढलेले होते, हे ते खाली आल्यावर मला कळलं.

त्याच संध्याकाळी तिने संपादकांना मेल केला. सोमवारी सकाळी उत्तर आलं: छपाई थांबवली आहे, बरं झालं वेळेत कळवलंत, सुधारून पाठवा. ताईने ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं आणि मग दोन दिवसांचं जेवण एकदम जेवली.

प्रश्न राहिला नावाचा. प्रजाती एक, नावं दोन.

"तुझ्या बाबांचं ठेव," सर म्हणाले. "जोडी त्यांनी जुळवली."

"सरांचं ठेव," बाबा म्हणाले. "त्यांनी शिकवलं. मी नुसती बरणी पालथी घातली."

असा चार दिवस आग्रह चालला. खोटं कशाला बोलू, छत्रीचं नाव कुणाला सुचेल का, असं माझ्याही मनात येऊन गेलं. शेवटी सर म्हणाले, "माणसं राहू देत. त्या झाडाचंच नाव दे. वर नर, खाली मादी, दोघांचं घर तेच." तसंच ठरलं.

बाबांनी भिंतीवरचं चित्र उतरवलं. उतरवताना चारही कोपऱ्यांच्या टाचण्या सांभाळून काढल्या, कागदाची घडी न करता मापाच्या वहीत ठेवला. ताई दारातून बघत होती.

"वाईट वाटलं का, बाबा?"

"छे! लोक विचारायचे, हा चावतो का म्हणून. किती जणांना उत्तर देणार?" बाबा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी माझं ठिगळ दोनदा उसवलं आणि दोनदा शिवलं.

बरणीतल्या जोडीला टाचणी लागली नाही. फोटो काढून झाल्यावर सर म्हणाले, "साक्षीदारांना शिक्षा नको." ताई त्यांना झाडावर परत सोडायला गेली. माझ्यातून गेलेलं कुणीतरी परत झाडावर चढताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मामांना तिने सगळी हकिगत सांगितली. मामांनी काठी खांद्यावर घेतली. "एवढंच ना? एक दिवसभर उन्हात मिरवतो, एक घरात राबते. ही दोघं एकत्र मी कितीदा बघितलीत."

ताई बघतच राहिली. "मग बोलला का नाहीत, मामा?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही म्हणालात, फांदी झोडा. मी झोडली."

तेव्हापासून ताई कोणत्याही झाडाखाली गेली की आधी मामांना विचारते आणि मग मला उघडते. सुधारलेला निबंध छापून आला. त्याच्या लेखकांत आता मामाही आहेत. सर निवृत्त झाले, पण आठवड्यातून दोनदा घरच्या चपला घालून येतातच.

माझं म्हणाल तर मी आता जास्त वेळ विभागातल्या या खिळ्यावरच असते. दोन काड्या वाकल्या आहेत, बिजागरी कुरकुरते. ताईकडे फांदीखाली ताणून धरायची नवीन, हलकी, चौकोनी चादर आली आहे. अवघड चढावर ती तिलाच नेते. मला राग नाही. माझ्यासमोरच्या कपाटात एक खण आहे. त्यात पूर्वी दोन वेगळ्या पेट्या होत्या, आता एकच आहे. निळे आणि तपकिरी एका रांगेत, एका नावाखाली. ताई खण उघडते तेव्हा मी बघते. तिचा हात कधीच घाईत नसतो.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. माझ्यासारखी एखादी छत्री कधी हाती आली, तर तिला सावकाश उघडा. पट्टा सोडल्यावर लगेच झटकू नका. आधी एकेक घडी उजेडाला धरून बघा. आत कुणीतरी असेल.